डेटाबेसचं सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आहे, ते बाहेर कसं काढायचं?

अर्धविराम:

नमस्कार मंडळी. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत डेटाबेस टीमची लीड आहे, ३ वर्षं झाली. टीममध्ये आम्ही ६ जण, ४० च्या आसपास प्रॉडक्शन डेटाबेस (म्हणजे रोजचं खरं काम ज्यावर चालतं ते), बहुतेक ओरॅकल, काही पोस्टग्रेस आणि २ एसक्यूएल सर्व्हर. कागदावर ६ जण, पण खरं सांगायचं तर अडचण आली की सगळे एकाच माणसाकडे बघतात. आमचे सगळ्यात सीनियर डीबीए (डेटाबेस सांभाळणारे), इथे त्यांना नुसतं सर म्हणते.

मागच्या महिन्यात सरांच्या घरचं कुणीतरी हॉस्पिटलात होतं, ते ४ दिवस रजेवर. दुसऱ्याच रात्री एका मोठ्या डेटाबेसची आर्काइव्ह लॉगची (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींच्या फाइलींची) जागा भरली आणि सगळं जागच्या जागी थांबलं, एरर ओआरए-००२५७. आता ही काही जगावेगळी एरर नाही, नवीन मुलालाही माहीत असतं की लॉगचा बॅकअप घेऊन जुने काढायचे नाहीतर जागा वाढवायची. पण खालची डिस्कच भरलेली, त्यामुळे वाढवायला वाव नव्हता, आणि काढायचे तर कुठले काढायचे? स्टँडबायला, म्हणजे राखीव प्रतीला, कुठपर्यंत पोचलेत, शिवाय रिपोर्टिंगसाठी एक रेप्लिकेशन टूल (डेटाची प्रत दुसरीकडे नेणारं) तेच लॉग वाचतं, ते कुठपर्यंत वाचून झालंय, हे फक्त सरांना माहीत. ड्यूटीवरचा मुलगा पाऊण तास हात लावायला धजला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही, मीही धजले नसते. शेवटी सरांना फोन लावला. त्यांनी आयसीयूच्या बाहेर उभं राहून ७ मिनिटांत सगळं सांगितलं, वर मुलाला म्हणाले घाबरू नकोस. तो फोन मी लावायला नको होता हे मला तेव्हाही कळत होतं.

आमच्याकडे विकी आहे, त्यावर २०० च्या वर पानं आहेत, त्या रात्री एक उघडलं तर त्यात सर्व्हरचं नावच जुनं. म्हणून विचारतेय, "डॉक्युमेंट करा" याच्या पलीकडे कुणी खरंच काही केलंय का? काय केलं आणि कुठे अडकलात तेही सांगा.

रात्रपाळी:

हे वाचून पोटात कालवलं, कारण मी त्या मुलाच्या जागी होतो कधीतरी.

डॉक्युमेंटबद्दल आधी बोलतो. २०० पानं कुणी लिहिली? सरांनीच ना? तिथेच चुकतं. ज्याला येतं त्याने लिहिलं की तो निम्म्या पायऱ्या गाळतो, मुद्दाम नाही, त्याला त्या पायऱ्या दिसतच नाहीत, हाताला सवय असते. आमच्याकडे उलट केलं. ज्याला येत नाही त्याने लिहायचं, ज्याला येतं त्याने फक्त प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि लिहून झालं की तिसऱ्याच माणसाने ते वाचून टेस्ट सर्व्हरवर काम करायचं. तो जिथे अडेल तिथे रनबुक (पायऱ्यांचं टिपण) अपुरं आहे असं समजायचं, माणूस अपुरा आहे असं नाही.

आणि रनबुकमध्ये नुसत्या कमांड नकोत. कमांड दिल्यावर स्क्रीनवर काय दिसलं पाहिजे, वेगळं काही दिसलं तर कुठे थांबायचं, आणि कुठल्या पायरीनंतर मागे फिरता येत नाही हे ठळक लिहायचं. उदाहरणार्थ डेटा गार्डमध्ये (ओरॅकलची स्टँडबाय सांभाळणारी सोय) स्विचओव्हर, म्हणजे ठरवून अदलाबदल, केलं तर परत येता येतं पण फेलओव्हर, म्हणजे मुख्य डेटाबेस पडल्यावर स्टँडबाय पुढे आणणं, केलं की जुना प्रायमरी (आधीचा मुख्य डेटाबेस) तसाच उचलून परत जोडता येत नाही, त्याला फ्लॅशबॅक (डेटाबेस मागच्या वेळेला नेणं) तरी लागतो नाहीतर नव्याने बांधावा लागतो. रात्री ३ वाजता घाबरलेल्या माणसाला हा फरक आठवेल असं धरून चालू नका.

खडूफळा:

आधी मोजा. एक तक्ता करा, उभ्या बाजूला कामं आणि आडव्या बाजूला माणसं. पण "येतं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की गेल्या ६ महिन्यांत हे स्वतःच्या हाताने केलंय का. बघा मग किती चौकटी रिकाम्या राहतात ते.

जिथे एकच नाव येईल त्यातलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं काम आधी घ्या. माझ्या मते रीस्टोर (बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करणं), फेलओव्हर आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या. तिसऱ्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. एसक्यूएल सर्व्हरला टीडीई (डेटाच्या फाइली एन्क्रिप्ट करणारी सोय) चालू असेल आणि सर्टिफिकेट व त्याची प्रायव्हेट की यांचा बॅकअप वेगळा ठेवलेला नसेल तर सर्व्हर गेल्यावर तुमचा डेटाबेस बॅकअप दुसरीकडे उघडणारच नाही. ओरॅकलच्या वॉलेटचं (किल्ल्या ठेवायची फाइल) तेच. तो पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे हे आजच बघा, उद्यावर टाकू नका.

जुनी_वही:

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. २२ वर्षं डीबीए आहे आणि त्यातली निदान १२ वर्षं मी तुमच्या सरांसारखा होतो.

लोकांना वाटतं असा माणूस मुद्दाम काही सांगत नाही, नोकरी टिकवायला माहिती दडवतो. तसे असतीलही काही, पण माझं तसं नव्हतं. मला आग विझवायला वेळ दिला जायचा, शिकवायला कधीच नाही. काम आलं की मी ते २० मिनिटांत करायचो, दुसऱ्याला शिकवत केलं तर २ तास, आणि समोर मॅनेजर उभा, मग मीच करायचो. असं हजार वेळा झालं की १२ वर्षं होतात. आणि कौतुकही त्याचंच व्हायचं, रात्रभर जागून सिस्टिम उभी केली की सगळ्या कंपनीला मेल जायचा, पण ज्या वर्षी काहीच पडलं नाही त्या वर्षी कोणी विचारलं नाही की का पडलं नाही.

मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी गाडीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. त्यानंतर मी स्वतःहून हे मोडायला घेतलं.

काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा मी करायचो आणि दुसरा बघायचा. मग तो करायचा आणि मी शेजारी बसायचो, पण हात मांडीवर, कीबोर्डला लावायचा नाही, आणि तो चुकीच्या वाटेला लागला तरी नुकसान होणार नसेल तोवर बोलायचं नाही. हे फार अवघड आहे, जीभ चावून बसावं लागतं. त्यानंतर तो करायचा आणि मी खोलीतच नसायचो. शेवटचं जमल्याशिवाय काहीच झालेलं नसतं, कारण मी शेजारी आहे तोवर तो माझ्या चेहऱ्याकडे बघून एंटर मारतो.

अर्धविराम, तुम्हाला लीड म्हणून एकच विनंती, त्यांचा वैयक्तिक नंबर लोकांच्या हातून काढून घ्या. ऑनकॉलचा (अडचण आली की ज्याने फोन घ्यायचा त्या पाळीचा) एक नंबर ठेवा जो आठवड्याला फिरतो. अॅप्लिकेशन टीमचे लोक सरळ सरांना फोन करत असतील तर तुम्ही कितीही शिकवा, दुसऱ्या कोणाकडे काम पोचणारच नाही.

पाणवठा:

जुनी_वही, तुमचा प्रतिसाद आमच्याकडच्या सरांना वाचायला देतोय.

एक उलट बाजू मांडतो. एका माणसावरचं ओझं काढून सगळ्यांवर टाकलं की कधीकधी ते कोणाचंच राहत नाही. गिटलॅबचं (प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणारी कंपनी) ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण बघा. रेप्लिकेशन तुटलं होतं, इंजिनिअर सेकंडरी (प्रत ठेवणारा डेटाबेस) नव्याने भरायला गेला आणि डेटा डिरेक्टरी पुसली ती चुकून प्रायमरीवरची. लगेच लक्षात आलं, थांबवलं, तोवर ३०० जीबीच्या आसपास डेटा गेला. पण माझ्या मते खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. रोजचा पीजीडम्प (पोस्टग्रेसचं बॅकअप टूल) बॅकअप उघडायला गेले तर तिथे काहीच नव्हतं, कारण डेटाबेस ९.६ व्हर्जनचा आणि डम्प घेणारं टूल ९.२ चं, म्हणजे ते दर वेळी फेल होत होतं, आणि फेल झाल्याचे मेल डीमार्कच्या (मेल पाठवणारा खरा आहे का ते तपासायची पद्धत) अडचणीमुळे परत फिरत होते, कोणापर्यंत पोचतच नव्हते. वाचले ते एका स्नॅपशॉटमुळे (त्या क्षणाच्या डेटाची प्रत), जो त्याच इंजिनिअरने ६ तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतला होता.

त्यांनी नंतर सगळं उघडपणे लिहिलं, त्यात बॅकअपची चाचणी नियमित का होत नव्हती याचं कारण असं दिलंय की त्या कामाला मालकच नव्हता. म्हणून माझं म्हणणं, तक्त्यात प्रत्येक कामापुढे ३ नावं आली तरी एकाच नावावर गोल करा. तो करेलच असं नाही, पण ते झालं की नाही हे त्याने बघायचं.

शून्यातून:

मला वाटतं तुम्ही सगळे माणसांवरच फार बोलताय. माणूस बदलत बसण्यापेक्षा काम स्क्रिप्टमध्ये टाका ना. स्कीमा बदल (टेबलांच्या रचनेतले) फ्लायवे किंवा लिक्विबेस या टूलमधून, सर्व्हर बांधणं अॅन्सिबलमधून, फेलओव्हर पोस्टग्रेसच्या पॅट्रोनी टूलला करू दे, नाहीतर सरळ क्लाउडवरचा मॅनेज्ड डेटाबेस (क्लाउड कंपनीच सांभाळते तो) घ्या. पॅचिंग गेलं, बॅकअप गेला, ओएस गेलं. मग सरांच्या डोक्यात राहतंच काय?

रात्रपाळी:

शून्यातून, निम्मं पटतं. स्क्रिप्ट हव्यातच, आणि गिटमध्ये (कोडची सामायिक, बदल नोंदवणारी जागा) हव्यात, कोणाच्या होम डिरेक्टरीत नकोत. पण आमच्याकडे असं झालं की ज्याने स्क्रिप्ट लिहिल्या तोच नवा सर झाला. स्क्रिप्ट चालते तोवर सगळे खूश, अडकली की १४०० ओळींचा तो पायथन फक्त त्यालाच कळतो.

दुसरं म्हणजे ऑटोमेशन चुकीच्या वेळी बरोबर वागतं तेव्हा जास्त शहाणी माणसं लागतात. गिटहबला २१ ऑक्टोबर २०१८ ला नेटवर्क ४३ सेकंद तुटलं होतं. ऑर्केस्ट्रेटरने (आपोआप फेलओव्हर करणारं टूल) त्याला सांगितल्याप्रमाणे मायएसक्यूएल डेटाबेसचे प्रायमरी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर हलवले, पण तोवर जुन्या बाजूला काही रायटिंग झालेलं होतं जे नव्या बाजूला गेलंच नव्हतं. ते निस्तरायला २४ तास ११ मिनिटं गेली, कारण त्यांनी घाई करण्यापेक्षा डेटा जपायचं ठरवलं. हा निर्णय कुठलं टूल घेणार? तो घेणारी माणसं एकापेक्षा जास्त हवीत एवढंच माझं म्हणणं आहे.

मॅनेज्ड घेतलं तरी स्लो क्वेरी, चुकून डिलीट झालेली टेबलं आणि कुठल्या वेळेपर्यंत मागे जायचं ते ठरवणं हे आपल्याकडेच राहतं.

नव्याने_शिकतेय:

मी या क्षेत्रात २ वर्षंच आहे त्यामुळे छोट्या तोंडी मोठा घास होईल, पण शिकणाऱ्याच्या बाजूने सांगावंसं वाटतं. आम्हाला कमांड शिकवतात, कारण शिकवत नाहीत. मला सांगितलं होतं की या एका टेबलचे स्टॅटिस्टिक्स (त्यात किती आणि कसा डेटा आहे याचे आकडे) लॉक केलेत, ते कधीही गोळा करायचे नाहीत. का ते कोणी सांगितलं नाही. वर्षभराने कळलं की ते टेबल दिवसा भरतं आणि रात्री रिकामं होतं, आणि स्टॅटिस्टिक्सचा जॉब नेमका रात्री चालायचा, त्यामुळे ऑप्टिमायझरला (क्वेरी कशी चालवायची याचा प्लॅन ठरवणारा भाग) वाटायचं की टेबल रिकामंच आहे आणि सकाळी प्लॅन बिघडायचा. हे एका वाक्यात लिहिलेलं असतं तर मी तसंच दुसरं टेबल स्वतः ओळखलं असतं.

आता मी एक वही ठेवलीय, फक्त "का" ची. काय बदललं, का बदललं, आणि काय झालं तर हे परत बदलायचं. टीममधले दोघं तिघं तीच वापरायला लागलेत.

खडूफळा:

नव्याने_शिकतेय, छोटं तोंड वगैरे काही नाही, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे हा. सीनियर माणसाच्या डोक्यात जे साठलेलं असतं ना, ते बहुतेक अपवाद असतात. नियम सगळ्यांना माहीत असतात. हा डेटाबेस जुन्या व्हर्जनवर का, त्या सर्व्हरवर पॅरामीटर वेगळा का, अमुक जॉब दोनदा का चालतो. म्हणून अपवादच कमी करा. ४० डेटाबेस ४० तऱ्हेने लावलेले असतील तर ते दुसऱ्याला शिकवायला ५ वर्षं लागतील. पाथ सारखे करा, नावं सारखी करा, बॅकअपची पद्धत एकच करा.

आणि जे उरतील ते शक्य तिथे सेटिंगमध्येच टाका. अर्धविराम यांच्या त्या रात्रीचंच घ्या. आरमॅनमध्ये (ओरॅकलचं बॅकअप टूल) आर्काइव्ह लॉगची डिलीशन पॉलिसी "सगळ्या स्टँडबायवर लागू झाल्यावर" अशी ठेवता येते, मग जो लॉग स्टँडबायला लागू झाला नाही तो आरमॅन स्वतःच काढायला नकार देतो, फोर्स दिल्याशिवाय. त्या मुलाच्या निम्म्या भीतीचं उत्तर तिथेच मिळालं असतं. पोस्टग्रेसमध्ये याच जातीचं दुखणं म्हणजे बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका, म्हणजे प्रत, कुठपर्यंत पोचली याची खूण) वॉल फाइल (बदलांच्या नोंदींच्या) धरून ठेवतो आणि डिस्क भरते. व्हर्जन १३ पासून त्याला मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडली तर तो रेप्लिका नव्याने भरावा लागेल, पण प्रायमरी जिवंत राहील. यातलं काय हवं ते दिवसा, चहा पिताना ठरवा.

सांजवेळ:

आमची टीम दोघांची. मी आणि एक मुलगी. गूगलच्या एसआरईवाल्यांनी (सिस्टिम चालू ठेवणारे इंजिनिअर) लिहिलंय की एका ठिकाणाहून ऑनकॉल चालवायचा तर निदान ८ जण हवेत. ८ जण आम्हाला कोण देणार? एक रजेवर गेला की दुसरा २४ तास. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

जुनी_वही:

सांजवेळ, दोघांत पूर्ण सुटका नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. पण लिनक्सवाल्यांपैकी एकजण आणि बॅकएंडची एक डेव्हलपर अशा दोघांना पहिल्या अर्ध्या तासापुरतं तयार करता येतं. डीबीए करायचं नाही त्यांना. जागा भरली, सेशन अडकलं, स्टँडबाय मागे पडला, लिसनर (डेटाबेसला येणारी कनेक्शन घेणारा प्रोग्रॅम) बंद, इतकंच. अर्ध्या तासात सुटलं नाही तर तुम्हाला उठवायचं. आमच्याकडे रात्रीचे बहुतेक फोन याच ४ गोष्टींचे निघाले.

आणि वरच्यांना लेखी द्या की रात्री २ ते ६ मध्ये अमुक सिस्टिमला माणूस नाही. त्यांना चालत असेल तर तसं सही करून सांगू दे. नसेल चालत तर तिसरा माणूस त्यांनी द्यायचा.

पाणवठा:

एक राहिलं. माणूस जायच्या आधी त्याच्या नावावर काय काय चालतंय ते शोधा. आमच्याकडे एकजण नोकरी सोडून गेला, रीतसर हँडओव्हर झाला, पार्टी झाली, आणि एचआरने त्याचं लॉगिन काढल्यावर एसक्यूएल सर्व्हर एजंटचे (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) ११ जॉब फेल व्हायला लागले, कारण जॉबचा ओनर तोच. त्यात लॉग बॅकअपचा जॉबही होता. क्रॉन (लिनक्सवरची ठरल्या वेळची कामं), डेटाबेस लिंक, लायसन्सचे आणि सर्टिफिकेट संपत आल्याचे मेल, सगळं तपासा. अलर्ट एका माणसाच्या इनबॉक्सला जात असेल तर ते ग्रुपवर वळवा, आणि जॉब सर्व्हिस अकाउंटवर (कोणा माणसाच्या नावाचं नसलेलं).

अर्धविराम:

साडेतीन महिन्यांनी परत लिहितेय. उशीर झाला, पण नुसतं धन्यवाद म्हणायला यायचं नव्हतं.

तक्ता केला. ३१ कामं निघाली, त्यातल्या १७ पुढे फक्त सरांचं नाव. तो तक्ता बघून सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मला वाटलं होतं ७-८ असतील. मी वरिष्ठांकडून लिहून घेतलं की या वर्षी सरांच्या अप्रेजलमध्ये किती आगी विझवल्या हे धरायचं नाही, तक्त्यातल्या किती कामांपुढे दुसरं नाव आलं हे धरायचं. त्याला सगळ्यात जास्त मीटिंग लागल्या, पण सरांवर त्याचा परिणाम मला डोळ्याने दिसला.

दर बुधवारी सर "नसतात". ऑफिसला येतात, पण फोन माझ्याकडे आणि प्रॉडक्शनचा अॅक्सेस दिवसभर बंद. पहिल्या बुधवारी अॅप्लिकेशनवाले त्यांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले, त्यांना परत पाठवायला मला जरा आवाज चढवावा लागला.

रीस्टोरचा सराव केला, सर सोडून. सरांना जे २ तासांत जमतं त्याला ६ तास ४० मिनिटं लागली. वाटेत कळलं की वॉलेटचा जो पासवर्ड व्हॉल्टमध्ये (पासवर्ड ठेवायची सुरक्षित जागा) ठेवलाय तो जुना आहे, चालणारा पासवर्ड फक्त सरांना पाठ. खडूफळा, तुम्ही आजच बघा म्हणाला होतात आणि मी ३ आठवडे लावले. तो आता बदलून व्हॉल्टमध्ये टाकलाय, उघडायला दोघांची परवानगी लागते, आणि उघडला की मला मेल येतो. दुसऱ्या सरावाला ४ तास १० मिनिटं. डिलीशन पॉलिसी ३ डेटाबेसवर लावली, बाकीच्यांवर चेंजच्या रांगेत आहे.

सगळं गोड नाही. एकजण म्हणाला मला ऑनकॉल नको, पगारात फरक नाही तर जबाबदारी का घेऊ, आणि त्याचं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही, ऑनकॉल भत्त्याचं अजून अडलंय. "का" ची वही ४ जण लिहितात, सर मात्र लिहीत नाहीत. त्यांना लिहायला बसवलं की दोन ओळींत संपवतात, बोलायला बसवलं की तासभर सांगतात.

१७ वरून आता ९ वर आलोय. शनिवारी त्या मोठ्या डेटाबेसचं स्विचओव्हर आहे, तोच मुलगा करणार आहे जो त्या रात्री थांबला होता. सर त्या दिवशी गावाला जातायत आणि यावेळी त्यांनी मला नंबर दिलेला नाही.

सरांना लिहितं कसं करायचं यावर कुणाकडे काही असेल तर सांगा.

नव्याने_शिकतेय:

लिहायला लावूच नका. तासभर बोलतात ना, तर शेजारी बसून मी लिहिते तसं कोणीतरी लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वाचायला द्या. आमचे सीनियर स्वतः एक ओळ लिहीत नाहीत, पण मी लिहिलेल्यात चुका भराभर काढतात, आणि चूक काढताना जे सांगतात तेच खरं हवं असतं. शनिवारचं काय झालं ते नक्की कळवा.